पद सोडून पुन्हा रुग्णापाशी: एका परिचारिकेचा पेच

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या अनुभवी परिचारिकांकडून अलीकडे एकच चिंता वारंवार ऐकू येते. स्टाफ नर्सपासून सुरुवात करून इन्चार्ज, सुपरवायझर, असिस्टंट मॅट्रन अशा पायऱ्या चढत गेलेल्या या स्त्रियांना एक दिवस जाणवते की आपण रुग्णापासून फार लांब आलो. आपल्याच रुग्णालयात पुन्हा स्टाफ नर्स म्हणून उभे राहणे बहुतेकींना अवघड वाटते, म्हणून त्या रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याचा विचार करू लागतात आणि त्याच क्षणी घाबरतात. "इतक्या वर्षांनी मिळालेले पद सोडून घरोघरी फिरायचे, हा वेडेपणा तर नव्हे?" हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकले आहे, की त्यावर सविस्तर लिहावेसे वाटले. पुण्यात, विशेषतः कोथरूड, एरंडवणे, प्रभात रस्ता या भागांत मुले परदेशी असलेली वृद्ध जोडपी मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे जाणत्या परिचारिकेला असे काम मिळण्याची अडचण सहसा नसते. अडचण मनात असते, आणि काही प्रमाणात हिशेबातही.

जिच्याविषयी लिहिते आहे, त्या सिस्टर एका खासगी रुग्णालयात डेप्युटी नर्सिंग सुपरिंटेंडंट होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि अनेक भेटींतले संभाषण मोजक्या प्रसंगांत आणले आहे. जीएनएम ही परिचर्येची पदविका करून लागलेल्या, नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बीएस्सी ही पदवी पूर्ण केलेल्या या बाई शिस्तीच्या होत्या. पहिल्या भेटीला त्या स्वतःच्या निर्णयाचा तक्ता छापूनच घेऊन आल्या: डावीकडे नोकरीत राहण्याचे फायदे, उजवीकडे सोडण्याचे, खाली पगार, भविष्यनिर्वाह निधी, मुलीच्या शिक्षणाचा खर्च. तक्ता उत्तम होता. त्यातून निर्णय मात्र निघत नव्हता.

मी तो बाजूला ठेवून त्यांना त्यांचा दिवस सांगायला सांगितले. पहाटे फोन येतो की रात्रपाळीच्या दोन मुली आल्या नाहीत. मग ड्यूटी लावण्याची ओढाताण, सरकारी भरतीत किंवा आखातात जाणाऱ्या मुलींचे राजीनामे, नातेवाइकांच्या तक्रारी, एनएबीएच या रुग्णालयांच्या दर्जामानांकनाच्या फायली, बैठका. हे सगळे त्या न थांबता सांगत होत्या.

"सिस्टर, या महिन्यातला एखादा रुग्ण लक्षात राहिला आहे का?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "बेडसोरचा दर वाढला, तो लक्षात आहे," त्या म्हणाल्या. बेडसोर म्हणजे सतत एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम. रुग्णालये तिचा दर हजार रुग्णदिवसांमागे मोजतात आणि तो वाढला की जाब परिचारिका विभागाच्या प्रमुखांना द्यावा लागतो, हे मला ठाऊक होते. ती जखम कोणाच्या पाठीवर होती, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हते आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

अशा वेळी समुपदेशकाने घाई करू नये, असे माझे मत आहे. दमलेल्या माणसाला दुसरे कोणतेही काम सुंदर दिसते. म्हणून मी अशा प्रत्येकीला एक प्रश्न विचारतेच: उद्या तुम्हाला महिनाभर रजा मिळाली, रोस्टर दुसऱ्या कोणी केला आणि वरिष्ठ नीट वागू लागले, तर हा विचार टिकेल का? अनेकींचा विचार त्या कल्पनेतच विरतो आणि त्यांना हवी होती ती विश्रांती, हे दोघींनाही कळते. या सिस्टरांनी वेगळे उत्तर दिले. गेल्या वर्षीची रजा त्यांनी सासऱ्यांच्या शुश्रूषेत घालवली होती. पक्षाघातानंतर मामंजींना नळीने अन्न द्यावे लागे. अन्न देताना आणि त्यानंतरही काही वेळ पाठीला उशा लावून त्यांना कसे उठते ठेवले, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली घडी कशी सरकवली, दर दोन तासांनी कूस बदलताना ते डोळ्यांनी कसे 'हो' म्हणत, हे सांगताना त्यांचा आवाजच बदलला. ओढ खरी होती, याविषयी माझी खात्री त्या दिवशी झाली.

तरीही त्या हलेनात. दर भेटीत नवी शंका निघे. पगार निम्म्यावर येईल. हात पूर्वीसारखे चालतील का. परक्या घरात एकटीने जायचे. प्रत्येक शंका रास्त होती आणि प्रत्येकीला उत्तर होते, पण उत्तर मिळाले की दुसरी शंका पुढे येई. शंकांची अशी रांग दिसली की त्यांच्यामागे न बोललेली एखादी गोष्ट उभी आहे, असे मी समजते. मी त्यांना घरी जाऊन होणाऱ्या शुश्रूषेचा इतिहासही सांगून पाहिला. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी, आपल्या पत्नीची अखेरच्या आजारात सेवा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला १८५९ मध्ये गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमले, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्या कामाला पाठिंबा दिला आणि तिथून ही एक मानाची शाखा उभी राहिली. सिस्टरांनी ते आदराने ऐकून घेतले. इतिहासाने कोणाची भीती गेल्याचे मी पाहिलेले नाही.

मग पुन्हा तो तक्ता काढला. सर्वांत खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'लोक काय म्हणतील', आणि पुढे चार जणींचा उल्लेख होता: सासूबाई, धाकटी बहीण, बॅचमधली मैत्रीण, वॉर्डातल्या मुली.

"यांपैकी कोण काय म्हणाले?"

"अजून कोणी काही नाही. कोणाला सांगितलेच नाही."

"मग वाक्य कुठून आले? त्या नेमके काय म्हणतील, ते मला त्यांच्याच शब्दांत सांगा."

त्यांनी मान खाली घातली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बिचारी. एवढी शिकली आणि आता घरोघरी फिरते."

"हे तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकले आहे?"

यावेळची शांतता वेगळी होती. ती मी मोडली नाही. "माझ्याच," त्या म्हणाल्या. काही वर्षांपूर्वी त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या एक सिस्टर आयसीयूची इन्चार्जशिप सोडून घरी जाऊन रुग्ण पाहू लागल्या होत्या. निरोपाच्या चहानंतर हेच वाक्य यांनी चेंजिंग रूममध्ये चार जणींसमोर उच्चारले होते आणि सगळ्या हसल्या होत्या. चार जणींची म्हणून तक्त्यात मांडलेली भीती मुळात त्यांचाच जुना निवाडा होता; आता तो स्वतःवर उलटणार होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीकडे माझा कल आहे, हे माझे विद्यार्थी जाणतात. माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीच्या त्याच्या ताठर धारणा अधिक छळतात, हे तिचे सूत्र मी रोज वापरते. लोकांची भीती घेऊन आलेल्या माणसाला 'लोकांकडे लक्ष देऊ नका' असे सांगण्याचा मोह होतो, पण त्याने काही साधत नाही, कारण न्यायाधीश बाहेर बसलेला नसतो. त्या लोकांचे वाक्य शब्दशः मागावे. ते कोणाच्या आवाजात येते ते लगेच कळते. हा प्रश्न माझ्या हाताला नेमका केव्हा लागला ते आठवत नाही, परंतु ज्या मोजक्या प्रश्नांवर मी विसंबून राहते त्यांत तो आहे, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

पुढचे पाऊल मी सुचवले नाही, त्यांनीच उचलले. त्या ज्येष्ठ सिस्टरांना फोन करून एक सकाळ त्यांच्यासोबत घालवली. एरंडवण्यातल्या एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजींची सून कंबरेखालचा लाल डाग दाखवत होती. ज्येष्ठ सिस्टरांनी हातमोजा घालून त्या डागावर बोट दाबले आणि उचलले. त्वचा पांढरी पडली नाही, तशीच लाल राहिली. मग त्यांनी सुनेलाही तसेच करायला लावले आणि सांगितले, "दाबल्यावर पांढरे होत नाही, म्हणजे बेडसोर सुरू झाला आहे. आता या कुशीवर टेकवायचे नाही, आणि इथे चोळायचे तर मुळीच नाही." हा प्रसंग सांगताना आमच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, मी वर्षभर ज्या आकड्यासाठी भांडत होते, तो त्यांनी एका घरात दोन मिनिटांत थांबवला."

त्याच सकाळी त्यांनी या कामाची दुसरी बाजूही ऐकली, आणि ती ऐकल्याशिवाय कोणीही राजीनामा लिहू नये. हाकेच्या अंतरावर डॉक्टर नसतो. ब्यूरोची आया आणि नोंदणीकृत परिचारिका यांतला फरक अनेक घरांना कळत नाही, त्यामुळे भांडी घासण्यापासून कुत्रा फिरवण्यापर्यंत अपेक्षा केल्या जातात. रुग्ण दगावला की काम एका दिवसात थांबते आणि शोक करायला सहकारी जवळ नसतात. बारा तासांच्या ड्यूटीत शरीर झिजते. दिवसाला दोन-तीन घरी ठरावीक वेळेच्या भेटी देणे अनुभवी परिचारिकेच्या हिताचे, असे त्या ज्येष्ठ सिस्टरांचे स्पष्ट मत होते आणि मलाही ते पटते.

मन मोकळे झाल्यावर हिशेब सोपा होतो, पण तो करावाच लागतो. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण असेल तर ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या बेरजेला सव्वीसने भागून, पंधराने व सेवेच्या वर्षांनी गुणले की अंदाज येतो. भविष्यनिर्वाह निधीला लगेच हात लावू नये. रुग्णालयाचा सामूहिक आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी नोटिशीच्या काळातच करावी. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू आहे का, ते तपासावे. बीएलएसचे, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचे, प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते. खुर्चीवर बसलेल्यांचे ते अनेकदा उलटून गेलेले असते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा. आणि प्रत्येक घराशी पहिल्याच दिवशी लेखी ठरवावे: डॉक्टर कोण, औषधांचे आदेश कागदावर कोण देणार, प्रकृती अचानक बिघडली तर १०८ ला फोन कोण करणार आणि रुग्णाला कुठे न्यायचे, वापरलेल्या सुया कशा व कोठे टाकायच्या, आपण काय करणार आणि काय करणार नाही. हात चालतील का, या शंकेवर एकच उपाय मी सांगते: राजीनाम्याआधी आपल्याच रुग्णालयात वरिष्ठांच्या परवानगीने काही दिवस वॉर्डात उभे राहावे. आमच्या सिस्टरांनी ट्रॅकिओस्टोमीचे सक्शन, म्हणजे गळ्यातल्या श्वासनळीच्या छिद्रातून कफ ओढून काढण्याचे काम, एका पंचविशीतल्या मुलीच्या देखरेखीखाली पुन्हा केले. तिच्यासमोर शिकाऊ होणे त्यांना जड गेले नाही, तेव्हा तयारी झाली असे मी मानले.

त्यांनी दिवाळीनंतर राजीनामा दिला. मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे आणि ती महिन्याला बदलते, याची कुरकुर त्या अजूनही करतात. सासूबाई काय म्हणाल्या, असे मी विचारले तेव्हा कळले की सासूबाईंनीच शेजारच्या दोन घरी परस्पर शब्द देऊन टाकला होता.

मात्र याच प्रश्नाला मी दरवेळी हेच उत्तर देत नाही. त्यांच्यानंतर काही काळाने आलेल्या एका वॉर्ड इन्चार्जच्या बोलण्यात वरिष्ठांचा राग होता, नवऱ्याची बदली होती, गुडघेदुखी होती. रुग्ण कुठेच नव्हता. महिनाभराच्या रजेच्या प्रश्नावर त्या चटकन म्हणाल्या, "तेवढे मिळाले तर सोडायचे कशाला?" त्यांना मी राजीनाम्यापासून परावृत्त केले. त्यांनी आपल्याच रुग्णालयात प्रशिक्षण विभागात बदली मागितली. ती मिळायला सहा महिने लागले, आणि तेवढा काळ पगार चालू होता.