सात महिन्यांच्या बाळाला पीनट बटर पहिल्यांदा कसं द्यावं?

सात महिने म्हणजे योग्य वेळ. वरणभात, नाचणीचं सत्त्व नीट गिळत असेल तर खुशाल सुरू करा. ‘वर्षाच्या आत दाणे नकोत’ हा सल्ला आता जुना झाला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या ‘लीप’ चाचणीत अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना 4 ते 11 महिन्यांतच शेंगदाणा सुरू केला, तर पाच वर्षांपर्यंत त्यांच्यातली शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी दिसली.

पीनट बटर नुसतं चाटवू नका, टाळूला चिकटतं. दाण्यांचे तुकडे नसलेलं, बिनसाखरेचं, मधही नसलेलं घ्या. कोमट पाण्यात ताकासारखं पातळ करा. चमच्याच्या टोकावर येईल एवढंच द्या, दहा मिनिटं थांबा, मग थोडं आणखी. दिवसा द्या, सर्दी-ताप नसताना, आणि पुढचे दोन तास लक्ष ठेवा. अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलट्या दिसल्या तर थांबवून डॉक्टरांना फोन. श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल.

बाळाला तीव्र एक्झिमा (त्वचेवर खाजणारे, कोरडे लालसर चट्टे) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

पचलं तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा. साबुदाण्याच्या खिचडीतलं जाडसर कूट चालणार नाही, आणि अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नाहीच, आजी कितीही म्हणाल्या तरी!