ग्रहण पाळलं नाही म्हणून नाही

उमरेडकडची एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन नागपूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलाला लघवी धरवत नसे. वर्गात चड्डी ओली, रात्री गादी ओली. दोन वर्षं सगळे त्याला आळशी म्हणाले, घरी मारही बसला. पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होऊ लागलं तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली, मग एमआरआय, मग बायोप्सी. मूत्राशयाच्या भिंतीत मज्जातंतूंची गाठ होती, न्यूरोफायब्रोमा. ते ऐकल्यापासून आईचं जेवण सुटलं होतं.

"मॅडम, हे माह्यामुळंच झालं नं जी? हा पोटात होता तेव्हा मी ग्रहण नाही पाळलं. भाजी चिरत होती."

मुलाच्या पाठीवर, पोटावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग होते. सासूबाई सात वर्षं त्यांना ग्रहणाचं लासं म्हणत आल्या होत्या. एखादा डाग पुष्कळांना असतो. पण लहान मुलाच्या अंगावर ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे ६ किंवा जास्त डाग असले, काखेत बारीक ठिपके असले, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ती एनएफ-१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १) या, अशा गाठी होणाऱ्या जनुकीय आजाराची खूण असू शकते. साधारण ३,००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो. दोष १७ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. ग्रहणाचा, विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

वडील तोवर दाराशीच उभे होते. ते हळूच म्हणाले, "असे डाग मलेही आहेत. पाठीवर गाठीही आहेत."

अशा वेळी मला भीती वाटते, कारण दोष एका डोक्यावरून उतरतो आणि दुसऱ्यावर बसतो. म्हणून मी सासूबाईंना बाहेर बसवलं आणि दोघांशीच बोलले. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. जवळपास अर्ध्या मुलांत मात्र घराण्यात कुणालाच नसताना जनुकातला बदल नव्यानेच होतो. कुणी निवडून देत नाही. वडिलांनाही तपासणीला पाठवलं.

"कॅन्सर आहे का?" हा प्रश्न शेवटी आला. बायोप्सीत ही गाठ साधी निघाली होती. ती नसांमध्ये पसरलेली असते, त्यामुळे सगळी कापायला गेलं तर लघवीवरचा ताबाच जाण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर कित्येकदा मूत्रपिंडं जपत, ठरावीक काळाने तपासत थांबतात. ऑपरेशन शक्य नसलेल्या, त्रास देणाऱ्या अशा गाठींसाठी सेल्युमेटिनिब हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते द्यायचं की नाही, हे मुलाचे डॉक्टरच ठरवतील. क्वचित अशी गाठ पुढे कर्करोगात बदलते. म्हणून गाठ झपाट्याने वाढली, दुखणं थांबेना, लघवीत रक्त आलं किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, हे मी कागदावर लिहून दिलं.

मग आईला म्हटलं, आता त्याला सांगा. ती त्याच्यासमोर खाली बसली. "तुही चूक नव्हती रे बाबू. आम्ही उगाच मारलं."

त्याने थोडा विचार केला. "मग शाळेत मधातच लघवीले जाऊ देतील का?"

मी शाळेसाठी चिठ्ठी लिहिली. तिच्यावर डॉक्टरांची सही घेऊनच ते उमरेडच्या गाडीला लागले.