सिस्टरना विचारा : मेंदूचा सर्जन जवळचा की नावाजलेला?

(मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी वॉर्डात ३१ वर्षं नोकरी करून आता मिरजेत स्थायिक झालेल्या सिस्टर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सासऱ्यांचं वय ७६. गणपतीत न्हाणीघरात पाय घसरून पडले. डोक्याला टेंगूळ आलं, ते दोन दिवसांत उतरलं, आम्ही विसरूनही गेलो. आता दिवाळी झाल्यापासून डावा पाय ओढत चालतात, धोतराची गाठ मारता येत नाही, दिवसाही झोपून असतात. विचारलं की एकच, "माका काय एक झाला नाय." डॉक्टरांनी डोक्याचा सीटी करायला लावला. रिपोर्टात उजव्या बाजूला 'क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा' आणि 'मिडलाइन शिफ्ट ९ एमएम' असं आहे. न्यूरोसर्जनला दाखवा म्हणाले. आमच्या जवळपास कोण आहे ते कुणालाच नीट सांगता येत नाही. मोठे दीर म्हणतात डोंबिवलीला आणा, मुंबईतला मोठ्यात मोठा डॉक्टर बघू. नणंद बेळगावला बोलावते. शेजारी म्हणतात बांबोळी. कुठे न्यावं?
— एक सून, कुडाळ तालुका

उत्तर : हे पत्र ई-मेलने आलं म्हणून बरं. संपादकांनी ते त्याच दुपारी मला पाठवलं आणि मी सूनबाईंना सरळ फोन लावला. मिडलाइन शिफ्ट ९ एमएम वाचल्यावर अंक छापून येईपर्यंत थांबायचं नसतं. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण गणपतीत पडलेले आणि दिवाळीत पाय ओढणारे आजोबा मी वॉर्डात दर वर्षी बघत आले.

क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली सावकाश साठलेलं जुनं रक्त. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, कवचात सुकलेल्या अक्रोडासारखा. मेंदूपासून वरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. साध्या धक्क्याने एखादी तुटते आणि रक्त झिरपायला लागतं, तेही इतक्या सावकाश, की तीन-चार आठवडे, कधी दोन महिने काही कळत नाही. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे आणखी सोपं होतं. नऊ मिलिमीटर म्हणजे मेंदूची मधली रेघ तेवढी पलीकडे ढकलली गेलीय. उजवीकडचं रक्त डाव्या पायाला त्रास देतं, त्यामुळे रिपोर्ट आणि धोतराची गाठ एकच गोष्ट सांगत होते.

आता दीरांच्या मोठ्यात मोठ्या डॉक्टरबद्दल. हे ऑपरेशन मेंदूच्या सर्जरीतलं अआइई आहे. कवटीला एक-दोन भोकं पाडतात, रुपयाच्या नाण्याहून लहान. कित्येकदा तेवढीच जागा बधिर करून. आवरणाला चीर दिली की जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट पाणी जोरात बाहेर येतं. त्याखाली किडनी ट्रे धरून मी किती वेळा उभी राहिलेय ते मोजलेलं नाही. पहिल्या महिन्यातच एक ॲप्रन गेला होता. हे काम एम.सीएच.च्या, म्हणजे न्यूरोसर्जनची पदवी करणाऱ्या पोरांना सुरुवातीलाच शिकवतात. त्यासाठी नावाजलेला माणूस लागत नाही. प्रशिक्षित न्यूरोसर्जन, चालू सीटी, भूलतज्ज्ञ आणि रात्री जागा असलेला आयसीयू लागतो. तोही आजच.

कुडाळहून मुंबई म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या वर, रात्रभराचा प्रवास. कशेडी घाटात आजोबा मागच्या सीटवर झोपलेत की शुद्ध हरपतेय, ते अंधारात कुणाला कळणार? बेळगावला जायचं तर आंबोली घाट. दिवसाउजेडी तेही चाललं असतं. बांबोळी मात्र हमरस्त्याने दोन तासांच्या आसपास. तिथलं गोवा मेडिकल कॉलेज, आपण ज्याला गोमेकॉ म्हणतो ते, पोर्तुगिजांनी १८४२ मध्ये काढलेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगतं आणि तिथे न्यूरोसर्जरीचा स्वतंत्र विभाग आहे. सिंधुदुर्गातल्या माणसांना ती वाट नवी नाही, महामार्गावरचे अपघात वर्षानुवर्षं तिकडेच जातात. या प्रसंगात शेजाऱ्यांचं ऐका, असं मी सांगितलं.

निघण्याआधी तीन गोष्टी करायला लावल्या. तुमच्या डॉक्टरांनाच तिथल्या कॅज्युअल्टीत फोन करायला सांगा, म्हणजे पेशंट यायच्या आधी वय, रिपोर्ट आणि शुद्धीची अवस्था पोचते. सीटीचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडी दोन्ही हवेत. सर्जन कागद वाचत बसत नाही, चित्र बघतो. आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. "ती एक पांढरी छोटी गोळी" एवढ्यावर आमच्या वॉर्डात अर्धा अर्धा तास गेलाय. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंदही करू नका. छातीत स्टेंट असेल तर एकाचं दोन व्हायचं.

हो, आणि वाटेत चहा-बिस्किट देऊ नका. आपल्याकडे माणूस आजारी म्हटला की सावंतवाडी स्टँडवर गाडी थांबते, "चार घास खाऊन घे बाबा" होतं, आणि मग पोट भरलेलं म्हणून भूल द्यायला सहा तास थांबावं लागतं.

नवव्या दिवशी सूनबाईंचा फोन आला. आजोबांनी शुद्धीवर येऊन पहिलं काय विचारलं, तर "माझो चष्मो खंय?" आता दोन आठवड्यांनी पुन्हा सीटी आहे. तो चुकवू नका. शंभरातल्या दहा-वीस जणांच्यात पाणी परत भरतं.

एक कबुली देते. २००९ मध्ये माझी सख्खी मावशी राजापुरात अशीच पडली होती. महिन्याभराने मामेबहीण फोनवर म्हणाली, मावशी मिठाच्या बरणीत साखर घालते. आणि मी, रोज हेच पेशंट बघणारी, म्हणाले, "अगं, ऐंशी झाली ती, व्हायचंच." सीटी झाला तो आणखी बारा दिवसांनी. मावशी वाचली. पण त्या बारा दिवसांचं मला अजून वाटतं.

लांब जावं असं काही नसतंच का? असतं. कवटीच्या तळाची गाठ, रक्तवाहिनीला आलेला फुगा, फिटसाठीची सर्जरी, तान्ह्या मुलाच्या डोक्यात साठणारं पाणी, इथे रोज तेच काम करणारी टीम शोधा. मुंबईत केईएम, गाठ कर्करोगाची असेल तर टाटा, बेंगळुरूचं निम्हान्स, फिटसाठी त्रिवेंद्रमचं श्री चित्रा. वेल्लोरच्या मिशन हॉस्पिटलात डॉ. जेकब चँडींनी १९४९ मध्ये देशातला न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग सुरू केला, तिथे आजही आपल्याकडची माणसं रेल्वेने जातात. पण यातल्या बऱ्याच आजारांत डॉक्टर तुम्हाला आठ-पंधरा दिवस देतात. किती दिवस दिलेत, ते आधी विचारायचं आणि मग तिकीट काढायचं. फुगा फुटलेला असेल तर मात्र तासांचा हिशेब.

प्रश्न : वय ३८, टेम्पो चालवतो. तीन आठवडे कमरेतून डाव्या पायात कळ जाते. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची गादी सरकलीय. शहरातले एक डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात ऑपरेशन करा नाहीतर पाय जाईल. त्यांच्या पाटीवर 'ब्रेन अँड स्पाइन' आहे. ते खरे न्यूरोसर्जन आहेत का, कसं ओळखायचं? आणि खरंच इतकी घाई आहे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, 'ब्रेन अँड स्पाइन' ही पाटी आहे, पदवी नाही. पाटीवर नावापुढची बारीक अक्षरं वाचा. न्यूरोसर्जनला एम.सीएच. (न्यूरोसर्जरी) किंवा त्याच विषयातली डीएनबी असते, हल्ली डीआरएनबी लिहितात. एम.एस. झाल्यावर तीन वर्षं, किंवा एमबीबीएसनंतर सलग सहा. महिन्या-दोन महिन्यांच्या फेलोशिपची अक्षरंही पाटीवर लांबलचक दिसतात, त्याने भुलू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला की नोंद बघता येते. हा क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असायला हवा. मात्र मणक्याचं ऑपरेशन हाडांचे सर्जनही करतात आणि त्यातले कित्येक उत्तम करतात. एम.सीएच. नाही म्हणजे भोंदू, असं समजू नका.

आता घाईचं. लघवी अडकली किंवा नकळत होतेय, सायकलच्या सीटवर टेकतो त्या जागेला बधिरपणा आलाय, किंवा डाव्या पायातली चप्पल चालताना आपोआप निसटतेय, कारण पंजा वर उचलत नाही. यातलं काही असेल तर डॉक्टर बरोबर आहेत. पंजा पडला असेल तर एक-दोन दिवसांत सर्जनपुढे बसा, आणि लघवीचं किंवा बधिरपणाचं असेल तर हे वाचणं सोडून आत्ता निघा. नुसती कळ असेल, पायात ताकद शाबूत असेल, तर बहुतेक सरकलेल्या गाद्या सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय शांत होतात. तुमचे तीनच झालेत. टाचेवर दहा पावलं आणि चवड्यावर दहा पावलं चालून बघा, दोन्ही पाय सारखे चालतात का ते बायकोला बघायला सांगा. आणि टेम्पो थोडे दिवस बंद ठेवा. भाडं बुडेल, कळतं मला.

दुसरं मत घ्याच. सोलापूर तुम्हाला जवळ आहे, पुणेही फार नाही. दुसऱ्या डॉक्टरला एमआरआयची सीडी द्या, पण पहिला काय म्हणाला ते तो विचारेपर्यंत सांगू नका. माझी ही सवय काही डॉक्टरांना आवडत नाही. नाही आवडली तर नाही. आणि एकच प्रश्न विचारा, "सहा आठवडे ऑपरेशन नाही केलं तर माझं नेमकं काय बिघडेल?" चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही. माझ्या ओळखीतले सगळ्यात चांगले सर्जन कमरेच्या दहांतल्या सात-आठ पेशंटना गोळ्या आणि व्यायाम सांगून परत पाठवायचे, आणि पेशंट बाहेर येऊन आम्हाला विचारायचे, "सिस्टर, यांना ऑपरेशन येत नाही का?"

कुणाच्या सांगण्यावरून जाताय, तेही बघा. माझ्या धाकट्या भावाला अपघात झाला तेव्हा खासगी अँब्युलन्सवाल्याने त्याला आम्ही सांगितलेल्या ठिकाणी न नेता परस्पर भलत्याच हॉस्पिटलात उतरवलं. का, ते नंतर कळलं. बिल भरताना.

पैशांचं पत्रात विचारलं नाहीत, तरी सांगते. ऑपरेशन लागलंच तर डिपॉझिट भरायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं टेबल कुठे आहे ते विचारा. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण सगळी हॉस्पिटलं यादीत नाहीत आणि यादीतल्या हॉस्पिटलातही सगळी ऑपरेशनं बसत नाहीत. त्यामुळे एमआरआयचा रिपोर्ट दाखवून 'हेच ऑपरेशन, याच हॉस्पिटलात' बसतं का असं विचारा. १५५३८८ वर फोन करूनही कळतं. गोव्याकडे जाणाऱ्यांनीही आपलं कार्ड तिथे चालेल का ते याच नंबरवर विचारावं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, काउंटरवरच्या मुलीला विचारून उपयोग नाही.

प्रश्न : आई एकटी नाशिकला असते, मी परदेशात. तिला बीपी आहे. उद्या अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर धावाधाव नको म्हणून जवळच्या न्यूरोसर्जनचा नंबर आधीच घेऊन ठेवू का?
— एक मुलगा

उत्तर : नंबर घ्याच, पण त्या प्रसंगी तो पहिला नसेल. तोंड वाकडं होणं हा बहुधा लकवा, आणि त्यात आधी लागतो तो न्यूरोलॉजिस्ट किंवा चांगला फिजिशियन, सर्जन नव्हे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी काढून रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. म्हणजे आईच्या घरापासून चोवीस तास सीटी चालणारं आणि ते इंजेक्शन देणारं हॉस्पिटल कोणतं, हा तुमचा पहिला प्रश्न. रक्तस्राव निघाला तर सर्जन तिथलेच बोलावतील.

परदेशातून इंटरनेटवरचे तारे मोजू नका. आईच्या नेहमीच्या डॉक्टरला सरळ विचारा, "तुमच्या स्वतःच्या आईला रात्री दोन वाजता कुठे न्याल?" मग त्या हॉस्पिटलात मुद्दाम रात्री फोन करा. कॅज्युअल्टीत फोन कोण उचलतं, सीटीचा तंत्रज्ञ तिथेच असतो की घरून बोलवावा लागतो, न्यूरोलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन तिथले आहेत की तीन हॉस्पिटलांत फिरणारे, हे विचारा. फोन करणारा पेशंटशिवाय इतकं विचारतोय म्हणून वैतागतील, वैतागू द्या.

मिळालेला नंबर आणि १०८ हे दोन्ही मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. गोळ्यांची नावं त्याच कागदावर. आणि एक किल्ली समोरच्या बिऱ्हाडात द्या. आमच्याकडे आलेल्या कितीतरी पेशंटचा पहिला तास कुलूप तोडण्यात गेलेला असायचा.