व्हेनेझुएलाचा 'लोचा'

प्रश्न असा आला आहे : नाण्यांच्या एका यादीत व्हेनेझुएलाच्या नाण्याचं नाव 'लोचा' असं दिसलं. आपण 'काहीतरी लोचा झालाय' म्हणतो, त्या लोच्याशी याचं नातं आहे का?

नातं नाही. मुंबईच्या बोलीतला लोचा म्हणजे घोळ, आणि त्याचा भाऊबंद गुजरातीतला 'लोचो'. सुरतेत तर या नावाचा खाण्याचा पदार्थच आहे, तो बशीत घालून देतात. व्हेनेझुएलाच्या लोच्याचा उच्चारही चहातल्या 'च'चाच, पण त्याचा जन्म अपूर्णांकातून झालाय.

तिथलं चलन बोलिव्हार, १८७९पासूनचं. एका बोलिव्हारचे शंभर सेंतिमो. १८९६मध्ये तांबं-निकेलचं साडेबारा सेंतिमोंचं नाणं निघालं, म्हणजे बोलिव्हारचा बरोब्बर आठवा हिस्सा. एका बाजूला घोड्याचं राजचिन्ह, दुसऱ्या बाजूला १२½ असा चक्क अपूर्णांक! आठव्या हिश्शाला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'ओचावा'. शब्द स्त्रीलिंगी, म्हणून आधी 'ला' हे उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखं). 'ला ओचावा' भरभर म्हणून बघा : 'लोचावा'. पुढे शेपूट गळालं आणि 'लोचा' उरला. सहसा हीच व्युत्पत्ती सांगतात आणि मला ती पटते, कारण उपपद नामाला चिकटणं स्पॅनिशला नवं नाही. साखरेला ते 'आसूकार' म्हणतात. त्यातला सुरुवातीचा 'आ' हे अरबी उपपदाचंच उरलेलं टोक.

खरं नातं शोधायचंच असेल तर ते त्या 'ओच'मध्ये आहे. लॅटिन 'ओक्तो'चं स्पॅनिशमध्ये 'ओचो' झालं, जसं 'नोक्ते'चं (रात्र) 'नोचे'. आपल्याकडे 'अष्ट'चं 'आठ' झालं, जसं 'मुष्टी'ची 'मूठ'. 'ओक्तो' आणि 'अष्ट' सख्खी भावंडं, तेव्हा लोचा आणि आठ हे चुलत.

आणि नाणं म्हणून बघाल तर लोचा म्हणजे आपली चवली. रुपयाचा आठवा हिस्सा, दोन आणे. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं करत जायचं, ही जुन्या बाजाराची सवय दोन्हीकडे सारखीच. दशमान पद्धत आली तेव्हा मात्र वाटा वेगळ्या झाल्या. १९५७च्या कोष्टकात आपण दोन आण्यांचे १२ नवे पैसे धरले आणि वरचा अर्धा सोडून दिला. त्यांनी तो अर्धा नाण्यावर कोरला होता! युद्धकाळात, १९४४मध्ये, हेच नाणं पितळेचंही निघालं.

२००८मध्ये तीन शून्यं उडवून नवा बोलिव्हार आणला, तेव्हा साडेबाराचं नाणं पुन्हा पाडलं. पण अर्ध्या सेंतिमोचं नाणं नव्हतंच, म्हणजे एका लोच्याची मोड मिळणार कशी? पंचवीसमधून साडेबारा परत द्यायचे तरी लोचाच हवा. (याला मात्र मुंबईच्या अर्थानेही लोचाच म्हणावं लागेल.) पुढे महागाईने सगळीच चिल्लर गिळली. २०१८च्या नव्या नाण्यांत लोचा नव्हता.

बोलण्यात मात्र तो टिकून आहे. उशिरा का होईना, डोक्यात प्रकाश पडला की तिथला माणूस म्हणतो, 'मे कायो ला लोचा', माझा लोचा पडला. मेक्सिकोत अशा वेळी वीस सेंतावोंचं नाणं पडतं. आता या 'ला लोचा'कडे नीट पाहा. 'लोचा'च्या पोटात एक 'ला' आधीच आहे, तरी पुढे आणखी एक जोडलाय. आपलं गाईचं गोमूत्र तसं.