सातपुड्यातल्या पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलाला आश्रमशाळेत घालावं की सरकार फी भरतं त्या 'नामांकित' इंग्रजी निवासी शाळेत?

सहा वर्षांच्या पोराला कुठंच घालू नका. पाड्यावर चौथीपर्यंत शाळा आहे, असं तुम्हीच लिहिलंय. गुरुजी आठवड्यातून दोनच दिवस वर येतात, तर त्यांच्याशी भांडा. पोरगं खाली पाठवलंत की त्यांची तेवढी चढण वाचेल, दुसरं काही होणार नाही.

मी धडगाव तालुक्यातला, पावरा आदिवासी. पहिली ते दहावी आश्रमशाळेत. दिवसा जिथं वर्ग भरायचा तिथंच रात्री पेट्या भिंतीला सारून चाळीसेक पोरं झोपायचो. एकाला खरूज झाली की सगळ्यांना. ते चालतं, पोरं खाजवतात नि विसरतात. मला आठवतं ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात पोट दुखत होतं आणि सांगायला मराठी नव्हती. अधीक्षक शिरपूरकडचे, त्यांना पावरी येईना. मी पोटावर हात ठेवला. त्यांनी ताटात आणखी भात वाढला.

दुसरीत दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि चौथ्या दिवशी मी पळालो. शेजारच्या पाड्याचा एक जण सोबत होता. वाट चुकत चुकत अंधार पडल्यावर घरी पोचलो. आईनं भाकर आणि उडदाची डाळ पुढं ठेवली, विचारलं काही नाही. पहाटे बापानं उठवलं आणि परत नेऊन सोडलं. तीन तासांची वाट, निम्मी मी त्याच्या खांद्यावर. तोही काही बोलला नाही. होळीला घरी गेलो तेव्हा कळलं, त्याच संध्याकाळी खाली रस्त्याला मुकादमाचा ट्रक आला होता आणि सगळं घर बारडोलीकडं ऊस तोडायला गेलं होतं.

आज मला महिन्याचा पगार आहे. बाप दर दिवाळीला ऐकवतो, "तेव्हा ठेवून घेतला असता तर हातात कोयता असता." कबूल. पण ट्रक येणार आहे हे वाटेत सांगता आलं असतं की नाही? तो म्हणतो, सात वर्षांच्या पोराला काय सांगायचं!

'नामांकित'चा फॉर्म तळोद्याच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात मिळेल. माझं मत विचाराल तर नको. माझ्या चुलतभावाचा मुलगा गेलाय. सुट्टीत येतो तेव्हा आजीशी बोलायला मध्ये बाप लागतो. आणि आश्रमशाळेतून निदान पळून घरी तरी येता येतं.

पाचवीला मात्र बिनधास्त आश्रमशाळेत घाला. त्याआधी एकदा न सांगता रात्री जाऊन बघा. संडासात पाणी आहे का, अधीक्षक मुक्कामाला असतात की शहाद्याला घरी.

हां, तुम्ही स्वतःच दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला जात असाल, तर वरचं सगळं सोडा. फडावर नेण्यापेक्षा आश्रमशाळा कधीही बरी, पहिलीत असला तरी. गावात हंगामी वसतिगृह चालत असेल तर आधी ते बघा. त्यात पोर आजीजवळ राहतं आणि जेवणाची सोय होते.

आणि सोडायला जाल तेव्हा न्यायला कधी येणार ते त्याला सांगून या. होळीला येतो म्हटलं तरी पुरे. होळी आपल्या पोरांना बरोबर कळते.