एकाच फायबरचे दोन आकडे

प्रश्न : एकाच ड्रमवरील मल्टिमोड ऑप्टिकल फायबरची बँडविड्थ (म्हणजे किती वेगाने बदलणारा संकेत ते पोहोचवू शकते) आम्ही ८५० नॅनोमीटर तरंगलांबीवर दोन प्रयोगशाळांकडून मोजून घेतली. दोन्ही आकड्यांत बरीच तफावत आली. यांतला कोणता खरा मानायचा?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. मल्टिमोड फायबरच्या गाभ्यातून प्रकाश शेकडो मोडांनी, म्हणजे ठरावीक वाटांनी, पुढे जातो आणि प्रत्येक मोडला दुसऱ्या टोकाशी पोहोचायला थोडा वेगळा वेळ लागतो. या वेळांतील फरकामुळे आत सोडलेला आखूड स्पंद बाहेर येताना रुंदावतो. तो किती रुंदावेल हे सुरुवातीला कोणत्या मोडांत किती प्रकाश शिरला यावर ठरते. म्हणून बँडविड्थ हा केवळ फायबरचा गुण नाही, तर फायबर आणि प्रकाश आत सोडण्याची पद्धत यांचा मिळून तो आकडा येतो, आणि तफावत दिसताच माझ्या मते सर्वांत आधी हीच पद्धत तपासावी.

एलईडीसारख्या स्रोतासाठी सर्व मोड भरून मोजतात, त्याला ओव्हरफिल्ड लाँच म्हणतात. लेझर मात्र मोजक्याच मोडांना उजळवतो. म्हणूनच ओएम३ या प्रमाणित दर्जाच्या मल्टिमोड फायबरसाठी ८५० नॅनोमीटरला ओव्हरफिल्ड लाँचची किमान मर्यादा १५०० मेगाहर्ट्झ-किलोमीटर आहे, तर लेझरसाठीची प्रभावी बँडविड्थ किमान २००० असावी लागते. ओएम४ साठी हेच आकडे ३५०० आणि ४७०० आहेत. लेझरसाठीचा आकडा काढण्याची एक रीत फार सुरेख आहे : सिंगलमोड (एकाच मोडने प्रकाश नेणाऱ्या) फायबरमधून येणारा बारीक किरण ५० मायक्रोमीटरच्या गाभ्यावर एका कडेकडून दुसरीकडे छोट्या छोट्या टप्प्यांनी सरकवतात, प्रत्येक जागी स्पंद किती उशिरा आणि किती पसरून येतो ते नोंदवतात, आणि त्या नोंदींना निरनिराळ्या लेझरांच्या प्रकाशवाटपानुसार भार देऊन बँडविड्थ गणिताने काढतात.

पद्धत एकच असूनही आकडे जुळत नसतील, तर संदर्भ स्पंद, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून रुंदावणे मोजतात तो स्पंद, कसा घेतला ते विचारा. लांब फायबरचे मोजमाप झाल्यावर प्रकाश शिरण्याची बाजू मुळीच न हलवता सुरुवातीचा सुमारे दोन मीटरचा तुकडा ठेवून फायबर कापावे आणि त्याच तुकड्याच्या टोकाशी संदर्भ घ्यावा. जोडणी सोडून पुन्हा लावली की मोडांची वाटणी बदलते. स्रोताचा वर्णपट रुंद असेल तर रंगांच्या वेगवेगळ्या गतीमुळे होणारा पसराही मोडांच्या पसऱ्यात मिसळतो, तो वेगळा काढावा लागतो.

बँडविड्थची मर्यादा किती घटीवर धरली हेही विचारावे. प्रकाशशक्ती निम्मी होते ती वारंवारता म्हणजे प्रकाशीय ३ डेसिबल. प्रकाश टिपणाऱ्या रिसीव्हरच्या विद्युत संकेतात तीच घट ६ डेसिबल दिसते. शिवाय मोडांची आपसांत सरमिसळ होत असल्याने बँडविड्थ लांबीच्या अगदी व्यस्त प्रमाणात घटेलच असे नाही, त्यामुळे 'मेगाहर्ट्झ-किलोमीटर' या आकड्याशेजारी प्रत्यक्ष मोजलेली लांबी लिहिलेली असावी. लाँच, तरंगलांबी, लांबी आणि डेसिबलची मर्यादा या चारही बाबी अहवालांत सारख्या असतील, तरच दोन प्रयोगशाळांची तुलना करावी.