‘हरकी’ आणि आपली ‘हरकत’

एका वाचकाने विचारलं आहे: अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धावर वाचताना ‘हार्की’ हा शब्द सारखा भेटतो. आपल्या ‘हरकत’शी त्याचं काही नातं आहे का? आणि मराठीत त्याच्या जागी सरळ ‘गद्दार’ लिहिलं तर चालेल का?

नातं आहे, तेही सख्खं. दोन्हींच्या मुळाशी अरबी ‘हरका’, म्हणजे हालचाल. मोरोक्कोचा सुलतान बंडखोर टोळ्यांना वठणीवर आणायला किंवा करवसुलीला फौज घेऊन निघे, त्या स्वारीला तिकडे हाच शब्द होता. आपली ‘मुलूखगिरी’ त्याच्या बरीच जवळ जाते. १ नोव्हेंबर १९५४ ला फ्रेंच राजवटीविरुद्ध युद्ध पेटल्यावर फ्रेंच लष्कराने स्थानिक मुसलमानांच्या मदतनीस तुकड्या उभ्या केल्या आणि त्यांना हे जुनं नाव दिलं. तुकडी ती हरका, तिच्यातला माणूस तो हरकी.

आपल्याकडे हा शब्द फारसीच्या वाटेने आला आणि वाटेत अर्थ पालटला. हिंदीत हरकत म्हणजे हालचाल किंवा चाळा. मराठीत ती अडथळा आणि आक्षेप झाली. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ ही जाहीर सूचना कोणी वाचली नसेल? जुना अर्थ आपल्याकडे गाण्यात मात्र टिकला आहे: गवई स्वरावरून झर्रकन फिरून येतो ती हरकत, तिथे हालचालच आहे.

शेवटचा ‘त’ कुठून आला? अरबीत अशा शब्दांचं शेवटचं अक्षर एकटं असताना ‘आ’सारखं आणि पुढच्या शब्दाला जोडलं की ‘त’सारखं ऐकू येतं. फारसीने काही शब्द ‘त’सकट उचलले, काही त्याच्याशिवाय. म्हणून आपल्याकडे हरकत, दौलत, किंमत. पण किल्ला आणि कसबा.

‘कसबा’ही याच युद्धात आहे. राजधानी अल्जीयर्सचा कसबा म्हणजे मुळात गढी, मग तिच्याभोवतीचं चिंचोळ्या गल्ल्यांचं जुनं गाव. पुण्याच्या कसबा पेठेत राहणाऱ्याला हे नाव परकं वाटायला नको. १९५७ मध्ये फ्रेंच पॅराशूट सैनिकांनी या कसब्यातल्या एकेका घराची झडती घेतली. त्या ऑक्टोबरात अली ला प्वांत आणि हसीबा बेन बूअली हे स्वातंत्र्यासाठी लढणारे दोघे ज्या घरात लपले होते, ते त्यांनी सुरुंग लावून उडवलं.

‘विलाया’ तर आपली विलायतच. मूळ अर्थ सत्ता, सत्तेखालचा प्रांत. ऑगस्ट १९५६ च्या सुम्माम परिषदेत राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेने, लढ्यासाठी देशाचे सहा विलाया पक्के केले. आपली विलायत सातासमुद्रापार गेली. त्यांची त्यांच्याच डोंगरात राहिली. ‘फेलागा’ म्हणजे वाटमारे, हे फ्रेंचांच्या तोंडचं नाव. लढणारे स्वतःला मुजाहिद म्हणत.

आता ‘गद्दार’. माझं मत स्पष्ट आहे: लिहू नये. अल्जीरियात आज हरकी ही शिवी आहे, हे खरं. पण तो त्या शब्दावर बसलेला निवाडा आहे, शब्दाचा अर्थ नव्हे. कुणी पगारासाठी हरकी झाला, कुणी घरचा माणूस मुक्ती आघाडीने मारला म्हणून, कुणाला लष्कराने दुसरी वाटच ठेवली नाही. मार्च १९६२ च्या, युद्ध थांबवणाऱ्या एव्हियाँ करारानंतर फ्रान्सने त्यांची हत्यारं काढून घेतली आणि बहुतेकांना मागे टाकलं. त्यांतले हजारो सूडात मारले गेले. जे फ्रान्सला पोहोचले त्यांतल्या अनेकांना रिव्हसाल्तसारख्या छावण्यांत ठेवलं. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांची क्षमा मागितली ती २०२१ मध्ये. ज्या देशाला या युद्धाला ‘युद्ध’ म्हणायला १९९९ चा कायदा यावा लागला, तिथे हा उशीर नवलाचा नाही, पण मनाला लागतो.

तेव्हा शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘फ्रेंच लष्कराच्या मदतनीस तुकडीतला अल्जीरियन’ असं सांगावं. लेखनही ‘हार्की’पेक्षा ‘हरकी’ बरं. फ्रेंच माणूस त्यातला ‘ह’ गिळून ‘आर्की’ म्हणतो. ‘हार्की’ हे रोमन अक्षरांवरून आलेलं आहे. मूळ अरबीतला ‘ह’ ऱ्हस्व आहे, अगदी आपल्या हरकतीतल्यासारखा.